नऊ अंशांवरचा पहारा

नोंदवहीच्या समासात पेन्सिलीनं केलेल्या खुणा जयवंत परबला दिसल्या तेव्हा त्याच्या हातात चहाचा कप होता. तो त्यानं ना खाली ठेवला ना तोंडाला लावला. नुसता धरून उभा राहिला. खुणा फिकट होत्या, पान उजेडाकडे तिरकं धरलं तरच दिसाव्यात इतक्या. जूनपासूनच्या आठ चाचण्यांची आठ पानं. सहा पानांवर खूण, दोन पानांवर नाही. खूण असलेल्या सगळ्या चाचण्या बिघडलेल्या: तेरा, चौदा, पंधरा, पुन्हा चौदा. खूण नसलेल्या दोन्ही पाच, जशा यायला हव्यात तशा. आणि त्या दोन्ही दिवशी आपण इथे नव्हतो हे त्याला तारखा वाचायच्या आधीच आठवलं. एकदा साडूच्या बाराव्याला कणकवलीला गेला होता, एकदा मुलुंडला गुडघ्याचा एक्स-रे काढायला. वही प्रांजलची, अक्षर प्रांजलचं. मनात पाल चुकचुकली म्हणायची पद्धत आहे. पण ही पाल जूनपासून, ही पोरगी कामाला लागली त्या आठवड्यापासून, तिथे मुक्कामालाच होती. आज तिला पुरावा मिळाला एवढंच.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला तळमजल्याचा गाळा. शेजारी राजेशचं लेथ दिवसभर किंचाळत असतं, समोर पुठ्ठ्याची खोकी बनतात, आणि मधल्या या गाळ्यात हर्षदच्या छोट्या कंपनीत नायोबियम नावाच्या धातूचे पोकळ डबे घडवतात. मोठमोठ्या प्रयोगशाळांच्या यंत्रांत ते बसतात. डबा पास की नापास हे ठरवायचं काम गेली अकरा वर्षं जयवंतचं. डबा तयार असेल त्या मंगळवारी टेम्पोतून द्रवरूप हेलियम येतो, डबा उंच टाकीत तळाशी टांगायचा, हेलियम सोडायचा. निरपेक्ष शून्याच्या वर नऊ अंशांवर पारा आला की हा धातू जात बदलतो. प्रवाह एकाच दिशेनं सरळ जाणार असेल तर त्याला अडवणारं आत काही म्हणजे काही उरत नाही. पण तोच प्रवाह सेकंदाला कोट्यवधी वेळा इकडून तिकडे हेलकावायला लावला, की थोडं गळतंच. ती गळती मोजायची. डब्यात मायक्रोवेव्ह लहरी भरायच्या, एकदम बंद करायच्या, आणि देवळातल्या घंटेचा नाद विरावा तशा त्या विरायला किती वेळ घेतात ते बघायचं. उत्तर येतं नॅनोओहममध्ये, ओहमच्या अब्जाव्या भागात. पाच आलं तर डबा पास. चौदा आलं तर वाट लागली. शून्य मात्र कधीच येत नाही, आणि हीच गोष्ट जयवंतला या कामात मनापासून आवडायची. ज्याच्या वहीत शून्य सापडेल तो खोटं बोलतोय असं खुशाल समजावं, असं तो नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचा.

प्रांजललाही सांगितलं होतं. मढच्या कोळीवाड्यातली पोरगी, आई मासळी विकते, ही फिजिक्स शिकून आलेली. सहा महिन्यांसाठी घेतलेली. नोव्हेंबरअखेर कायम करायचं की नाही ते ठरणार होतं, आणि ते जयवंतच्या एका शब्दावर. पहिल्या दिवशी त्यानं तिला टाकीच्या खोलीच्या दारावरचा कागद वाचायला लावला. तो कागद त्यानं स्वतः लिहिलेला: किल्ल्या, मोबाइल, बक्कल, केसांतल्या पिना बाहेर. या खोलीत लोखंडाचा खिळासुद्धा चालत नाही, पानेदेखील पितळेचे. कारण नऊ अंश ओलांडताना आसपास जे काही चुंबकत्व असेल ते हा धातू पोटात घेऊन बसतो, आणि मग पुन्हा गरम करेपर्यंत सोडत नाही. तेवढ्यानंही गळती वाढते. टाकीभोवती कवच आहे, पण ते पृथ्वीच्या चुंबकत्वापुरतं. जवळ कुणी काही घेऊन आलं तर त्या कवचाचं काही चालत नाही. "डोकं दाखव," तो म्हणाला होता. ती गोंधळली. मग खाली वाकली आणि त्यानं चुंबकत्व मोजणाऱ्या गॉसमीटरची सळई तिच्या केसांवरून फिरवली. काटा हलला. एक पीन राहिली होती, वेणीच्या आत. "हे असं चालायचं नाही इथे," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. तिचे कान लाल झालेले त्याला दिसले होते. त्याला त्याचं थोडं बरंही वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

झडती म्हणजे काय ते जयवंतला लहानपणापासून माहीत. बाप, भाऊराव, गिरणीत होता. पाळी सुटली की दारावर रांग, आणि दरवान एकेकाच्या अंगावरून हात फिरवणार, सदऱ्याखाली कापडाचा तुकडा लपवला नाही ना म्हणून. भाऊरावांनी आयुष्यात सुताचा धागा उचलला नाही, पण वीस वर्षं रोज दोन्ही हात वर केले. इतके, की घरी सदरा काढताना बायकोसमोर उभे राहिले तरी हात आपोआप वर जायचे, आणि क्षणभर तसेच थांबायचे, कुणी हात फिरवून "जा" म्हणेपर्यंत. आई हसायची. जयवंत हसायचा नाही. गिरण्या बंद पडल्या, भाऊराव मुलुंडच्या नव्या घरात चार वर्षं राहून गेले, पण ते वर गेलेले हात पोराच्या डोक्यातून गेले नाहीत. जगात दोनच जाती, झडती देणारे आणि घेणारे, असं त्यानं लहानपणीच ठरवून टाकलं आणि मिळेल तिथे दुसऱ्या जातीत बसला.

घरीही तेच. जूनमध्ये सुगंधानं त्याच्या गुडघ्यासाठी एक पट्टा आणला. काळा, जाड, आत काहीतरी कडक शिवलेलं. "गरम पट्टा आहे, रोज घाला," म्हणाली. तो स्वयंपाकघरात शिरला तेव्हा ती कात्रीनं त्याचं लेबल कापत होती आणि त्याला बघताच तिनं ते पिठाच्या डब्याखाली सरकवलं. कुठून आणलास, तर म्हणे कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून. दुसऱ्या दिवशी जयवंतनं मेडिकलवाल्याला विचारलं. "असले पट्टे आम्ही ठेवतच नाही, परबसाहेब." बायको खोटं बोलली. कशासाठी, ते कळेना. दर गुरुवारी दुपारी भजनाला जाते म्हणते, ते तरी खरं का? त्यानं विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतं. पट्टा मात्र घालत राहिला, कारण गुडघ्याला खरंच बरं वाटत होतं, आणि रोज सकाळी तो आवळताना बायकोचं ते खोटंही बरोबर आवळून घेत होता. पाच महिने. पंचवीस वर्षांच्या संसारात पाच महिने म्हणजे काही नाही, असं स्वतःला सांगत.

खुणा दिसल्या त्या दिवशी त्यानं प्रांजलला आडून विचारलं. "वहीत पेन्सिलीनं काय गिचमिड करतेस गं?" तिनं मान वर केली नाही. "असंच, सर. लक्षात राहायला." "काय लक्षात राहायला?" तिनं हातातला पितळी बोल्ट उलटासुलटा केला. मग म्हणाली, "सर, पुढची एक चाचणी तुम्ही नसताना करून बघूया का?" जयवंतला आपले कान गरम झाल्याचं जाणवलं. हिंमत बघा. तोंडावर सांगते, तुम्ही बाहेर व्हा. मी नसताना पाच, मी असताना चौदा. म्हणजे मी नसताना आकडे कोण लिहितं ते दिसतंच आहे की. कायम व्हायचंय पोरीला, पास झालेले डबे दाखवायचेत. आणि मी असतो तेव्हा लपवता येत नाही, म्हणून त्या पानांवर खुणा, हे आकडे नंतर बदलायचे आहेत म्हणून. सगळं जुळत होतं. इतकं नीट जुळत होतं की त्यातच त्याला समाधान वाटलं. "बघू," म्हणाला तो, आणि सरळ हर्षदच्या केबिनमध्ये गेला.

हर्षद त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, बापाचा धंदा पुढे नेणारा, स्वभावानं भिडस्त. "परबकाका, नक्की ना? पोरगी हुशार आहे हो." "हुशार आहे म्हणूनच सांगतोय." हर्षदनं कपाळ चोळलं. शेवटी असं ठरलं की पुढच्या मंगळवारची चाचणी काकांनी एकट्यानं करायची, तोवर तिनं घरी थांबायचं, शुक्रवारी निर्णय. प्रांजलनं काही वाद घातला नाही. जेवणाचा डबा आवरला, ओढणी नीट केली, आणि दारातून जाताना एकदा त्याच्याकडे बघितलं. रागानं नव्हे. तिची नजर त्याच्या तोंडावरून खाली गेली, पॅन्टवर कुठेतरी थांबली आणि परत वर आली. जयवंतला वाटलं, चेन उघडी राहिली की काय. चाचपून बघितली, नव्हती. मग उगाच अस्वस्थ झाला. अपराधी माणूस डोळ्यांत बघत नाही, याची त्यानं मनात नोंद केली, आणि चार वेळा घोकली.

मंगळवारी टेम्पो आला. जयवंतनं सगळं एकट्यानं केलं. सकाळी सळई आत सोडून गॉसमीटर बघितलं. टेबलाशी बसून वाचलं, सगळं ठीक. हेलियम सोडला. टाकीतून पांढरा धूर, नळ्यांवर दव, आणि पारा हळूहळू उतरायला लागला. शंभर, साठ, तीस. नऊ अंश ओलांडायच्या वेळी टाकीजवळ बसायची त्याची जुनीच सवय. प्लास्टिकचं स्टूल ओढायचं आणि टाकीला खेटून, गुडघा टेकवून बसायचं, आतला डबा ज्या उंचीवर टांगलेला असतो तिथेच नेमका. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. धातूनं जात बदलण्याच्या त्या घडीला कुणीतरी हजर असावं असं वाटायचं, बाळंतपणात दाराबाहेर बसतात तसं. पूर्वी पाचएक मिनिटं बसायचा. प्रांजल आल्यापासून जास्त. आज तर तो पंचवीस अंशांपासूनच जाऊन बसला, डोळ्यांत तेल घालून, दाराकडे तोंड करून, जणू ती मढहून उडत येऊन नळीला हात लावणार होती. दुखरा गुडघा टाकीच्या गारव्याला टेकवला. पट्ट्याच्या आतून गारवा आला नाही, पण बरं वाटलं. नऊ ओलांडलं. आठ. सात. हलला नाही. गेल्या अकरा वर्षांत इतका जपून त्यानं कुठलाही डबा थंड केला नव्हता.

दुपारी लहरी सोडल्या, तोडल्या, नाद विरायचा वेळ मोजला. एकोणीस.

त्यानं पुन्हा मोजलं. एकोणीस. तिसऱ्यांदा मोजलं. यंत्र काय, माणसासारखं आग्रहाला बळी पडत नाही. इतका वाईट आकडा त्यानं अकरा वर्षांत पाहिला नव्हता, आणि खोलीत त्याच्याशिवाय कुणी फिरकलंही नव्हतं. आता कुणीही शहाणा माणूस थांबला असता. पण संशयाला औषध नाही म्हणतात ते उगाच नाही. जाण्यापूर्वी तिनं काहीतरी ढिलं करून ठेवलं असणार, हा विचार इतक्या चटकन आला की तो आधीपासून दारात उभाच असावा. बुधवारी टाकी गरम झाल्यावर त्यानं झाकण उघडलं आणि एकेक बोल्ट तपासला. एका पितळी बोल्टचा आटा झिजलेला सापडला. सापडला! तो बोल्ट मुठीत घेऊन तो शेजारी राजेशकडे गेला, तसाच नवा करून घ्यायला. एरवी हे काम प्रांजल करायची; राजेशच्या गाळ्यात त्यानं कित्येक महिन्यांत पाऊल ठेवलं नव्हतं. तिथे भुईवर, स्टुलावर, कॅलेंडरवरसुद्धा लोखंडाचा कीस. राजेशनं लेथ थांबवलं नाही. "बसा काका, दोन मिनिट. या लोखंडी नळीचं आतडं आधी बाहेर काढतो." जयवंत बुटक्या स्टुलावर बसला आणि त्या झिजलेल्या आट्याकडे बघत शुक्रवारची वाक्यं जुळवू लागला. लेथवरून कीस उडत होता, पायांवर पडत होता. तो झटकत होता. थोड्या वेळानं लेथ थांबलं, राजेश बोल्ट घ्यायला वळला आणि थबकला.

"काय काका," राजेश म्हणाला, "गुडघ्यात मॅग्नेट बसवून घेतला काय?"

जयवंतनं खाली बघितलं. उजव्या गुडघ्यावर, पॅन्टवर, कीस उभा राहिला होता. झटकलेल्या जागी परत येऊन बसलेला. चार गोल, काळे, केसाळ, एकापुढे एक. कुणीतरी बोटं बुडवून टिळे लावावेत तसे. त्यानं हात फिरवला. कीस बाजूला झाला आणि परत उभा राहिला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात; इथे कळसा गुडघ्याला आवळून बांधलेला होता, आणि त्यानं गाव सोडून एका पोरीच्या वेणीत शोध घेतला होता. राजेश हसत होता, मग हसायचा थांबला. "काका, पाणी देऊ काय?" जयवंतला त्याचं बोलणं ऐकू येत होतं पण अर्थ पोचत नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे ती सहा पानं होती. सहा खुणा. ज्या दिवशी तो टाकीला खेटून बसला ते सहा दिवस. आणि दारातून जातानाची ती नजर, जी पॅन्टवर थांबली होती. तिला कळलं होतं. नक्की काय ते माहीत नसेल, पण कुणामुळे ते कळलं होतं, आणि जितकं सांगता येईल तितकं तिनं सांगितलंही होतं. एक चाचणी तुम्ही नसताना करूया का, सर.

गाळ्याबाहेर, हेलियमच्या रिकाम्या पिंपांमागे उभं राहून त्यानं सुगंधाला फोन लावला. "त्या पट्ट्यात काय आहे गं?" पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "का हो? दुखतंय काय?" "काय आहे ते सांग." "मॅग्नेट आहेत," ती म्हणाली. "प्रदर्शनात मिळाला. त्या वनमालावहिनींना गुण आला म्हणून घेतला. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात, असल्या गोष्टींना तुम्ही थोतांड म्हणता. घातलाच नसता. म्हणून लेबल कापलं." आणि मग, जराशा धास्तावलेल्या आवाजात, "काय झालं? तुम्हाला कधीपासून माहीत होतं खोटं बोलले ते?" "जूनपासून." "मग विचारलं का नाही?" "गुण आलाय पट्ट्याचा," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. तिथेच, दोन पिंपांच्या आडोशाला, पॅन्ट वर सरकवून त्यानं पट्टा काढला. गुडघा लगेच ठणकायला लागला. त्याला लाज वाटत होती.

एक क्षण असाही आला की कुणाला काही सांगू नये. पट्टा घरी ठेवायचा, पुढच्या मंगळवारी आपोआप पाच येईल. आणि लोक म्हणतील, बघा, पोरगी गेली आणि आकडे सुधारले. किती सोपं होतं ते. शुक्रवारची सगळी वाक्यं तर तयारच होती. त्या क्षणाची त्याला पुढे जितकी भीती वाटली तितकी एकोणीसची वाटली नाही. तो ताडकन हर्षदच्या केबिनमध्ये गेला आणि पट्टा त्याच्या टेबलावर ठेवला. टाचण्यांची डबी टुणकन उडून पट्ट्याला चिकटली. "सहाच्या सहा मी बिघडवल्या," तो म्हणाला. "सातवीसुद्धा. तिचे दोन्ही पाच खरे आहेत. तिला कायम कर, आणि मी काय म्हणालो होतो तेही तिला सांग. मी सांगेनच." हर्षद पट्ट्याकडे बघत राहिला. "काका, अहो, दारावरचा तो कागद..." "हो. मीच लिहिलाय."

पुढच्या मंगळवारी प्रांजल आली. जयवंत तिच्या आधी येऊन दारात उभा होता, काय बोलायचं ते बसमध्ये चार वेळा घोकून. त्यातलं काही आठवलं नाही. "चुकलो मी," म्हणाला. "तुझ्याविषयी वाईट बोललो. खोटं बोललो." ती चपला काढत होती. "मला आधी सांगायला हवं होतं, सर," ती म्हणाली. "पण तुम्हाला कसं सांगणार, की तुम्ही जवळ बसलात की बिघडतं? मला स्वतःलाच पटत नव्हतं. शेवटच्या दिवशी पॅन्टमधून पट्ट्याचा फुगवटा दिसला, पण गुडघ्याला हात लावून बघू का, असं कसं विचारायचं?" "तुझ्या वेणीला मी लावलीच होती की सळई," तो म्हणाला. तिचा हात वेणीकडे गेला. तेव्हाही ते तिला लागलं होतं, आणि आता ते नाही म्हणायला ती तयार नव्हती, हे त्याला दिसलं. तिनं गॉसमीटर उचललं. दारावरच्या नियमाप्रमाणे आत जाणाऱ्या प्रत्येकावरून सळई फिरवायची; इतकी वर्षं ती त्यानं फिरवली होती, त्याच्यावरून कुणी नाही. ती पुढे आली तसे जयवंतचे दोन्ही हात वर गेले. आपोआप. कोपरात किंचित वाकलेले, तळवे पुढे. त्यानं ते ओळखलं आणि खाली आणता येईनात. सळई खांद्यावरून गेली, कमरेवरून, गुडघ्यावरून. काटा जागचा हलला नाही. "हात खाली करा, सर," प्रांजल हळूच म्हणाली. "झालं."

तो आत गेला नाही. म्हणाला, "तू कर. मी इथे बसतो," आणि गाळ्याच्या पायरीवर बसला, पाय लांब करून, टाकीकडे पाठ करून. शेजारी लेथ किंचाळत होतं. आत हेलियमची सळसळ ऐकू येत होती, आणि मधेमधे तिचा आवाज: साठ, सर. तीस. मग बराच वेळ काही नाही. त्याचा गुडघा ठणकत होता आणि मान सारखी मागे वळायला बघत होती. "नऊ ओलांडलं," ती म्हणाली. तो हजर असूनही अकरा वर्षांत पहिल्यांदा ते त्याच्याशिवाय ओलांडलं गेलं, आणि काही झालं नाही. दुपार झाली. समोरच्या गाळ्यातली माणसं खोक्यांवर बसून जेवली. मग आतून, जरा घाईनं, हसू दाबल्यासारखा आवाज आला: "सर, पाच!"

आणि जयवंतच्या मनात पहिली गोष्ट जी आली ती हीच, की खरं सांगतेय ना ही. सगळं कळून, चूक कबूल करून, हात वर करूनही ती शंका आलीच, उंबऱ्यावरच्या मांजरीसारखी, हाकलली तरी तिथेच. त्यानं तिला ओळखलं. शून्य कधीच येत नाही, हे तो किती पोरांना शिकवत आला होता.

"येऊन बघा ना, सर," आतून प्रांजल म्हणाली.

त्यानं पायरीची कड घट्ट धरली. "नको," तो म्हणाला, मागे न वळता. "तू लिही."